चांगुणेचा वारा

थंडीत उत्तरेचा वारा उठला की बेटावरच्या होड्या बंदरातच राहत. बाकीच्या बायका वारा पडावा म्हणून देवीला नारळ ठेवत. चांगुणा मात्र मनात उलटंच मागे, "आई, अजून दोन दिवस वाहू दे." तेवढे दिवस नवरा घरी असे.

आज पहाटेपासून त्याच्या छातीत कळा येत होत्या, आणि या वाऱ्यात पलीकडच्या दवाखान्याला लाँच जाणार नव्हती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा चांगुणेने वारा पडावा म्हणून नारळ ठेवला.

ती परतली तेव्हा तो कसाबसा हसला. "ठाऊक हाय मला, तुझाच वारा हा. आज मी घरीच."

दुपारी वारा पडला. लाँचवाला हाका मारत आला. नवऱ्याच्या तोंडावर चादर ओढून चांगुणा दारात आली.

"राहू दे, दादा. आज घरीच हायत ते."