डिंपलची लाइन

"अवो डिंपल, लाइन वाकडी जाऊन राह्यली ना तुही! ध्यान कुठी हाय?"

धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभ्या चंद्रकलाबाई ओरडल्या आणि खाली बांधीतल्या चिखलात धान रोवणाऱ्या बाया खुदकन हसल्या. चंद्रकलाबाईंचं ओरडणं काही नवीन नव्हतं. पण हेच वाक्य, याच आवाजात, आता जगभरच्या मोबाइलवर वाजत होतं. त्यांची सून डिंपल तेवढी हसली नाही. तिनं पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, नवी पेंडी सोडली आणि चिखलात रोवत रोवत मागं सरकली.

उर्वशी एकोडीच्या रस्त्यावर स्कूटी लावून धुऱ्याधुऱ्यानं येत होती. हा सगळा उपद्व्याप तिचाच. नागपूरहून इंजिनियर होऊन आलेल्या या पोरीनं घरच्या खोलीत बसून, एकटीनं, धानाच्या रोवण्याचा गेम बनवला होता. खेळणाऱ्यानं मागं मागं सरकत रोपं लावायची; ओळ चुकली की धुऱ्यावरची बाई ओरडणार. आवाज तिनं गेल्या हंगामात याच बांधीवर भरून घेतला होता. त्यात सुनेचं नाव होतं, तेही तिनं तसंच ठेवलं. खरं वाटतं म्हणून.

मग पोलंडमधल्या कुण्या पोरानं खेळता खेळता पोट धरून हसल्याचा व्हिडिओ टाकला आणि गेमचं नशीब फळफळलं. ही डिंपल कोण, असं लोक विचारू लागले. तिच्या नावाचे टी-शर्ट निघाले. कौतुकामागोमाग टोमणेही आलेच. चिखल खोटा वाटतो. म्हातारीचं तोंड बंद करा. ती स्वतः का नाही उतरत चिखलात? गरिबाच्या कष्टाचा तमाशा मांडलास. सुरुवातीला उर्वशीला वाचून घास गिळवत नसे. पुढं सवय झाली. पण परवा एका अनोळखी बाईनं एकच ओळ लिहिली, 'त्या डिंपलला विचारलं होतं का?' आणि तिच्या जिवाला घोर लागला. कारण विचारलं नव्हतं.

"काकू," धुऱ्यावर पोचून उर्वशी म्हणाली, "मी तो आवाज काढून टाकावा म्हणते. नाव तरी."

"कायले?" चंद्रकलाबाईंच्या अंगावर महिनाभरात मूठभर मांस चढलं होतं. "परवा साकोलीहून पोट्टे आले होते फोटो काढाले. मले म्हनतात, काकू, एक डाव ओरडा ना! अन् तू काढून राह्यली?"

"वहिनीले विचारलं नव्हतं ना मी."

"तिले काय विचारा लागते? फुकटात नाव झालं तिचं."

उर्वशीनं चपला काढल्या आणि बांधीच्या कडेला उकिडवी बसली. "वहिनी, चुकलंच माझं. सांगा, काय करू?"

डिंपल कमरेतून सरळ झाली. हाताचा चिखल तिनं पाण्यात धुतला. घाईनं नाही, सावकाश.

"माहेरी बारशाले गेली होती मी," ती म्हणाली. "भावाचं पोट्टं, पाच वर्साचं. मले पाहून म्हनते, आत्या, तुही लाइन वाकडी. सारा मांडव हासला. आता नाव काढून काय होते, उर्वशी? त्या पोट्ट्याच्या तोंडातून काढशील का?"

उर्वशीला खूप वाईट वाटलं. एवढ्या हजारो लोकांनी नावं ठेवली होती, पण त्यातल्या कुणालाही ती ओळखत नव्हती. हे माणूस समोर गुडघाभर चिखलात उभं होतं.

"काढू नको," डिंपल म्हणाली. "माहा बी आवाज टाक."

"आता?"

"आताच. मंग मले हिंमत नाही होनार."

उर्वशीनं फोन चालू केला आणि हात लांब करून धरला. बाकीच्या बाया रोवायच्या थांबल्या. डिंपलनं पदर सावरला. फोनकडे पाहिलं, मग फोनच्या वरून धुऱ्याकडे.

"आत्याबाई," ती म्हणाली, "एक डाव तुमी उतरा ना बांधीत."

सुनेनं सासूला, तेही चार बायांपुढं. कुणी हसलं नाही. एका बाईनं तर रिकामाच हात चिखलात घातला.

गुडघे धरतात म्हणून चंद्रकलाबाईंना सांगता आलं असतं, एरवी सांगतच. पण उर्वशीचा फोन त्यांच्याकडे वळला होता आणि फोनपुढं मागं सरकणं काही त्यांना जमेना. त्यांनी चपला काढल्या, लुगडं खोचलं आणि "सरक तिकडं," म्हणत बांधीत पाय टाकला.

हात एके काळचा चांगला होता, पण सवय मोडली होती. पहिली दोन-चार रोपं नीट गेली. मग मागं सरकताना पाय रुतला, तोल गेला, आणि ओळ धुऱ्याकडे कलत चालली. त्यांच्याही ते ध्यानात आलं. त्यांनी मान वर करून बायांकडे पाहिलं, मग सुनेकडे. डिंपल खाली मान घालून रोवत होती.

"अवो उर्वशी," चंद्रकलाबाई म्हणाल्या. आवाज एवढा खाली आला होता की धुऱ्यापर्यंत जेमतेम पोचला. "तो मोबाइल चालू हाय का? बंद कर पैले."

उर्वशीनं लगेच बंद केला.

"पाहा," डिंपल मान वर न करता म्हणाली, "तुमी सांगतलं तं झाला बंद."