अर्धा सोडलेला ग्लास

गॉर्डन प्रीसने पहिला घोट घेतला आणि त्याला कसंनुसं झालं. बिअर उत्तम होती. आधी किंचित गोड, मग कडू, आणि शेवटी जिभेवर भाजलेल्या पावासारखी चव रेंगाळत होती. पाचपैकी पाच. पण आता ते गुण देऊन उपयोग काय? दुपारी तीन वाजता ‘ब्लू ड्रेक’ हा पब कायमचा बंद होणार होता.

अख्खं गाव लोटलं होतं. गेली दोन वर्षं इकडे न फिरकलेले लोकसुद्धा डोळे पुसत पीत होते. काउंटरमागे पबची मालकीण ग्लेनिस मेरिक एका हाताने बिअरच्या पंपाचा दांडा ओढत होती आणि दुसऱ्या हाताने लोकांच्या मिठ्या झेलत होती.

“काय गॉर्डन, आज वही नाही आणलीस?” कोपऱ्यातून म्हातारा सिड ओरडला. “शेवटच्या दिवशी तरी बाईला पैकीच्या पैकी दे की!”

लोक हसले. गॉर्डनही हसला, न हसून करतो काय? वही त्याच्या कोटाच्या खिशात होती आणि तिच्यात त्याचं पाप होतं.

जिल्ह्यातल्या बिअरप्रेमी मंडळासाठी तो वीस वर्षं पबना गुण देत आला होता. चांगल्या पबची यादी देणारं मंडळाचं पुस्तक दरवर्षी निघे. टेकड्या तुडवायला येणारी माणसं ते बघूनच ठरवत, की दुपारी कुठे टेकायचं. इतक्या आडगावात येणारा मंडळाचा माणूस तो एकटाच. त्यामुळे ब्लू ड्रेकचे गुण म्हणजे गॉर्डनचे गुण. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी त्याने इथे एक गुण दिला होता. बिअर आंबून पार व्हिनेगर झाली होती. पब पुस्तकातून गेला. टेकडीवरून उतरणारी माणसं पलीकडच्या गावात जेवायला जाऊ लागली.

बिअर बिघडलेली निघाली तर करायचं काय, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. ग्लास काउंटरवर परत न्यायचा आणि हळूच म्हणायचं, “जरा बघता का?” मालक वास घेतो, ओतून टाकतो, दुसरा भरून देतो. कुणी चिडत नाही, कुणी पैसे मागत नाही.

गॉर्डनला मात्र एवढं जन्मात जमलं नाही. न्हाव्याने कान कापला तरी “छान झालं” म्हणून वर बक्षिसी देणारा हा माणूस. कुणाच्या तोंडावर वाईट बोलायचं नाही, याला तो सभ्यपणा म्हणायचा. खरं काय ते नंतर, बसमध्ये बसून, पेन्सिलीने वहीत. त्या रविवारीही त्याने अर्धा ग्लास तसाच ठेवला, “फारच छान” म्हणाला आणि दोन दहाची बस पकडली.

पण त्याला सगळ्यात जास्त बोचत होतं ते त्यानंतरचं. बस सुटता सुटता ग्लेनिस धावत रस्त्यापर्यंत आली होती. कडेच्या उंच झुडपांमुळे तिचं डोकं आणि वर हलणारा एक हात, एवढंच दिसलं. त्यानेही खिडकीतून हात हलवला. इतकी प्रेमळ बाई, आणि पुढच्या वळणावर आपण तिच्या पबपुढे एक लिहिला! या लाजेपायी तो पुन्हा इथे आलाच नाही. पुढच्या वर्षी मंडळाने विचारलं तेव्हा गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. गुडघा ठणठणीत होता.

पावणेतीनला गर्दी ओसरली. गॉर्डन रिकामा ग्लास घेऊन काउंटरशी गेला. त्याचे कान लाल झाले होते.

“ग्लेनिस, तो एक गुण... तो मी दिला होता.”

“माहितीय मला, राजा.” ती फडक्याने दांडा पुसत राहिली. “या भागात वही घेऊन दुसरं कोण फिरतं?”

“बिअर आंबली होती. पण मी तुला तेव्हाच...”

“आंबलीच होती. तू उठल्यावर तुझा अर्धा ग्लास उचलला, नाकाशी नेला, तेव्हा मला कळलं. तुझ्याआधी सात जण ती पिऊन गेले होते. एकाने तोंड उघडलं नाही. मेले सगळे सभ्य!” ती हसली आणि पुन्हा पुसायला लागली. “खाली तळघरात नवं पिंप तयार होतं. धावत जाऊन नळी त्याला जोडली. नळीतली जुनी बिअर निघून जावी म्हणून दोन ग्लास ओतून टाकले आणि तिसरा भरला तो तुझ्यासाठी.”

“मला काय ठाऊक! मी तर निघालो होतो.”

“हो ना. बसमध्ये बसला होतास.”

गॉर्डनला ती झुडपं आठवली. झुडपांवर दिसणारा तिचा एकच हात आठवला. अगदी बारीक आवाजात त्याने विचारलं, “तू मला टाटा करायला आली होतीस ना?”

“टाटा कसला? थांब, थांब म्हणून ओरडत होते,” ग्लेनिस म्हणाली. “दुसऱ्या हातात तुझा ताजा ग्लास होता. आणि तू छान हसून हात हलवलास.”