उशाजवळचा पाइप

वरच्या मजल्यावर धाकट्याला एक खोली वाढवायची होती. बांधकामाच्या परवानगीला अट एकच: त्याच्या बाथरूमचा पाइप खाली राहणाऱ्या थोरल्या भावाच्या बेडरूमच्या भिंतीवरून उतरत होता, तो मागच्या बाजूला न्यायचा. थोरल्याने हरकत घेतली.

"अहो, रोज सकाळी तुमच्याच उशाशी धो धो वाजतं ना? उलट सुटाल की!" पाहणीला आलेला इंजिनिअर म्हणाला.

"पाइप हलवायचा नाही," थोरल्याचा एकच हेका.

आई गेल्यापासून दोघा भावांत अबोला होता. मध्यंतरी धाकट्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेही थोरल्याला शेजाऱ्यांकडून कळलं. "आजारी भावावर कसला डूख धरायचा तो!" असं गल्लीतले लोक तोंडावर बोलले. शेवटी हरकत फेटाळली गेली आणि पाइप मागे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको चहा घेऊन आली. थोरला भिंतीला कान लावून बसला होता.

"आता कसली कटकट? गेला ना तो आवाज?"

 

"गेला गं. आता धाकटा उठला की नाही, ते मला कोण सांगणार?"