मले

पहिल्याच दिवशी वेणू म्हणाली, "मले आमरस पायजे," आणि पुण्याच्या मृण्मयीनं त्या 'मले'ची नक्कल करून अख्ख्या शिबिराला हसवलं. तेव्हापासून अकोल्याकडची वेणू नुसती मान हलवायची.

आज दुपारी जेवणानंतर शिबिराच्या ताईंनी आमराईत सतरंज्या अंथरल्या. "घरी तुम्हाला ज्या शब्दांत निजवतात, त्याच शब्दांत शेजारणीला निजवायचं," त्या म्हणाल्या. वेणूच्या शेजारी नेमकी मृण्मयी.

वेणू आधी वर बघत राहिली, मग मृण्मयीकडे कुशीवर वळली. पानांतून झिरपलेलं ऊन मृण्मयीच्या मिटल्या पापण्यांवर मासोळ्यांसारखं पोहत होतं. बघता बघता आईचा आवाज वेणूच्या तोंडात आला. "झोप वं माय. वारा झोपला, झाड झोपलं. नदी बी वाळूत आंग टाकून म्हने, मले बी झोप आली..."

आपण मोठ्यानं बोलतोय हे ध्यानात येऊन ती थांबली. सगळी आमराई पाण्याखाली गेल्यासारखी शांत होती.

"पुढं सांग ना," मृण्मयी झोपेतच पुटपुटली. "मले सांग."

पलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं. वेणूनं ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं, आणि मृण्मयीच्या केसांतून हात फिरवत नदी पुढं नेली.