वरून दाबू नका

भाईंदरच्या एका प्रसूतिगृहात चांदणीच्या बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा आत अडकला. “सिस्टर, वरून पोट दाब!” डॉक्टर ओरडल्या. नर्स सुचिता हलली नाही. गेल्या वर्षी असाच हुकूम ऐकून तिने दाबलं होतं. त्या बाळाचा हात अजून लुळाच होता. “नाही मॅडम! वरून दाबलं तर खांदा हाडामागे आणखी रुतेल.” डॉक्टर थबकल्या. सुचिताने चांदणीच्या सासूला सांगितलं, “आई, हा गुडघा पकडा, छातीकडे दाबा.” दुसरा गुडघा आयाने धरला. सुचिताने तळहात पोटाच्या वरच्या भागावर नाही, तर ओटीपोटाखालच्या त्या हाडाच्या जरा वर टेकवून अडकलेल्या खांद्यावर तिरका दाब दिला. “आता हळूच घ्या, मॅडम.” खांदा सुटला. बाळ निळसर होतं. पाठ चोळल्यावर रडलं. डॉक्टर म्हणाल्या, “माझ्यावर आवाज चढवलास.” “हो मॅडम. वेळ आली तर पुन्हा चढवीन.” “चढवच,” म्हणत डॉक्टरांनी टाक्यांसाठी सुई मागितली.