मुकाट्याने साठवलेलं तेल

"साहेब, मदतीला एक तरी माणूस द्या हो." हे ती प्रयोगशाळेच्या प्रमुखांना कितव्यांदा सांगत होती, ते तिचं तिलाही आठवत नव्हतं. तेलासाठी वाढवलेल्या यीस्टची टाकी धुवायची तिने, मक्याच्या ताटांपासून काढलेली साखर त्यात सोडायची तिने, आणि फेस उतू गेला की फरशी पुसायची तीही तिनेच.

साहेबांनी टाकीवर थाप मारली. "मॅडम, जरा या यीस्टकडून शिका. सगळं पोटभर मिळालं की ते नुसती पिल्लावळ वाढवत बसतं. साखर भरपूर देऊन बाकी खाण्यात हात आखडता घेतला, की बघा कसं मुकाट्याने अंगात तेल साठवतं!"

तिच्या मस्तकात तिडीक गेली. यीस्टचं एवढं गणित साहेबांच्या गळी उतरवताना तिच्याच तोंडाला फेस आला होता.

तेवढ्यात पाहुणे आले. साहेबांनी तोच विनोद त्यांनाही ऐकवला आणि सगळे खो खो हसले. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, "पण साठवलेलं तेल बाहेर कसं काढता?"

साहेब मॅडमच्या तोंडाकडे बघायला लागले. त्यांची शिकवणी तिथवर पोचलीच नव्हती.

"पेशी फोडतो," ती म्हणाली.

"अगंबाई! मग यीस्ट जगतं?"

"छे."

तिने हातमोजे उतरवून साहेबांच्या हातावर ठेवले.

"टाकी तेवढी तुम्हीच धुवा, साहेब. आता यीस्ट नवीन लागेल, आणि मॅडमही."