नळाचं गरम पाणी

बाबांनी उर्मिलाकाकूंशी दुसरं लग्न केल्यावर मी पहिल्यांदाच चंडीगढच्या आमच्या घरी गेले, तेही जानेवारीत. स्वयंपाकघरात काकू भांडी घासत होत्या आणि नळातून वाफाळतं पाणी येत होतं.

"गच्चीवर हीट पंप बसवलाय," त्या म्हणाल्या. "एवढ्या गारठ्यातही बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवतो. गीझरपेक्षा वीज खूप कमी लागते, आणि दिवसभर सगळ्या नळांना गरम पाणी."

याच ओट्याशी आईनं सव्वीस हिवाळे बर्फासारख्या पाण्यात हात घातले होते. तिच्या बोटांना भेगा पडायच्या. बाबा पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "मलम लाव."

मला काकूंच्या मऊ हातांचा हेवा वाटला.

"तुमची बरी हौस पुरवतात बाबा," मी म्हणाले.

काकूंनी धुतलेलं पातेलं पालथं घातलं.

"माझी कसली हौस, जाई? मी यायच्या आधीचा आहे तो. तुझी आई गेल्यावर त्या हिवाळ्यात भांडी त्यांनाच घासावी लागली ना. आठ दिवस घासली, नवव्या दिवशी पंप आणला."